एकशे पाच फुटांचा हिशेब

धुळे-नागपूर महामार्गाने मलकापूर मागे टाकून खामगावकडे निघालं की वाटेत नांदुरा लागतं. पूर्वी या रस्त्याला सगळे 'सहा नंबरचा हायवे' म्हणायचे, आता त्याचा नंबर त्रेपन्न झालाय. गाव दुरून ओळखू येतं ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या हनुमानाच्या मूर्तीमुळे. उंची १०५ फूट. एस.टी. तिथून गेली की खिडकीतले निम्मे हात आपोआप जोडले जातात.

राजेहो, मूर्तीचा पूर्ण मान राखून आज आपण तिच्याकडून फक्त उंची उसनी घेणार आहोत. प्रश्न साधा आहे. १०५ फुटांवरून एखादी वस्तू सुटली तर जमिनीवर पोचायला तिला किती वेळ लागेल? आणि पोचताना तिचा वेग किती असेल?

मित्रांना विचारून बघा. 'पाच-सहा सेकंद' किंवा 'जड असेल तर लवकर, हलकी असेल तर उशिरा' अशी उत्तरं हमखास मिळतात. आश्चर्य म्हणजे ही उत्तरं देणाऱ्यांनी दहावीपासून फर्स्ट इयरपर्यंत किमान तीनदा 'जी बरोबर नऊ पॉइंट आठ' असं पेपरात लिहिलेलं असतं. आकडा पाठ आहे, पण त्याचा अर्थ डोळ्यांसमोर नाही.

तो यायला हवा, कारण हॉस्टेलमध्ये तिसऱ्या मजल्यावरून "झेल रे!" म्हणत रूमचं कुलूप खाली टाकायची आपली जुनी पद्धत आहे. या कुलपाचाही हिशेब आज करायचा आहे.

नऊ पॉइंट आठ म्हणजे नेमकं काय?

नऊ पॉइंट आठ हा वेग नाही, वेगात पडणारी भर आहे. वस्तू हातातून सुटते त्या क्षणी तिचा वेग शून्य असतो. एका सेकंदानंतर तो सेकंदाला सुमारे ९.८ मीटर होतो, दोन सेकंदांनंतर १९.६, तीन सेकंदांनंतर २९.४. मेसच्या खात्यावर रोज ठरावीक रक्कम चढत जावी तसा दर सेकंदाला वेगाचा तोच हप्ता चढत जातो. या हप्त्याचं नाव गुरुत्वीय त्वरण.

हा हप्ता पृथ्वीवर सगळीकडे अगदी सारखा नाही. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. त्यामुळे विषुववृत्तावर तो ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास असतो. नांदुरा साधारण २०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला आकडा ९.७९ येतो. आपला हिशेब नांदुऱ्याचा आहे, तेव्हा तोच वापरू.

आता अंतर. पहिल्या सेकंदाच्या सुरुवातीला वेग शून्य, शेवटी ९.७९. सरासरी निम्मी, म्हणून पहिल्या सेकंदात वस्तू ४.९ मीटर खाली येते. दोन सेकंदांत वेळ दुप्पट झाला आणि सरासरी वेगही दुप्पट झाला, म्हणून अंतर चौपट: १९.६ मीटर. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं ते यामुळे. सूत्र पाठ करायची गरजच नाही, सरासरी काढता आली म्हणजे झालं.

१०५ फूट म्हणजे ३२ मीटर. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा हिशेब मांडला तर असा दिसतो:

पहिल्या अर्ध्या सेकंदात १.२ मीटर,
दुसऱ्या अर्ध्या सेकंदात ३.७ मीटर,
तिसऱ्यात ६.१ मीटर,
चौथ्यात ८.६ मीटर,
पाचव्यात ११ मीटर.

अडीच सेकंदांत ३०.६ मीटर झाले. उरलेलं अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. एकूण वेळ २.५६ सेकंद. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर! हायवेवर शेजारून भरधाव जाणाऱ्या गाडीचा जो वेग, तोच वरून पडणाऱ्या वस्तूचा. ज्यांनी 'पाच-सहा सेकंद' सांगितलं होतं, त्यांनी निदान दुपटीचा अंदाज केला होता.

वरच्या यादीत एक गंमत आहे. पहिल्या अंतराला एक धरलं तर पुढची तीन, पाच, सात, नऊ पट येतात. विषम संख्यांची ही रांग गॅलिलिओने शोधली आणि १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडली.

ओढ माहीत होती, हिशेब नव्हता

पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, ही कल्पना भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'मध्ये स्पष्टपणे मांडलेली आहे. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्या खानदेशातच. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण 'ओढते' हे सांगणं एक आणि 'पडताना वेग कोणत्या नियमाने वाढतो' हे मोजून दाखवणं दुसरं. त्यासाठी मोजमाप लागतं आणि पडणारी वस्तू मोजायला फार वेळ देत नाही.

गॅलिलिओपुढेही हीच अडचण होती. त्याच्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. मग त्याने पडण्यालाच सावकाश केलं. उतरत्या फळीला खाच पाडून त्यातून गोळी सोडली. उतारावर त्वरण कमी होतं, पण नियम तोच राहतो. वेळ मोजायला त्याने भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू दिलं आणि गोळी खाली पोचेपर्यंत जमलेलं पाणी तोललं. वेळ तागडीत तोलणारा हा माणूस! पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती त्याच्या शिष्याने नंतर लिहिली आणि ती तशीच घडली का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. उतरत्या फळीचं मोजमाप मात्र पक्कं आहे.

जड आधी का पडत नाही?

हा प्रश्न ओरलला विचारला की भल्याभल्यांची विकेट पडते. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, हे खरंच आहे. पण जड वस्तू हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. एका बैलगाडीला एक बैलजोडी जुंपली आणि तशाच दोन गाड्या एकमेकींना बांधून दोन जोड्या जुंपल्या, तर दुसरा तांडा दुप्पट जोरात पळेल का? नाही. ओढणारे दुप्पट, ओढायचं ओझंही दुप्पट. दहा किलोच्या दगडाचं आणि शंभर ग्रॅमच्या खड्याचं असंच आहे.

याचा सुंदर पुरावा २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर मिळाला. अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने कॅमेऱ्यासमोर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही बरोबरच खाली पोचले. चंद्रावर हवा नाही, म्हणून पिसाला अडवणारं कुणी नव्हतं. तिथलं त्वरण फक्त १.६२ आहे. आपली १०५ फुटांची उंची तिथे नेली तर वस्तूला खाली यायला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागेल.

पवनपुत्राच्या पायाशी हवेला विसरून कसं चालेल?

इथे मात्र हवा आहे. घरी गेलात की मूठभर कापूस घ्या. आपल्या वऱ्हाडात त्याला तोटा नाही. अर्धा पिंजून मोकळा करा, उरलेला अर्धा दाबून घट्ट गोळी करा. दोन्ही एकदम सोडा. वजन सारखंच, पण गोळी आधी खाली येते. म्हणजे फरक वजनाने पडला नाही, हवेला भिडणाऱ्या आकाराने पडला.

वेग वाढला की हवेचा विरोधही वाढतो, आणि तो साधारणपणे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक वेळ अशी येते की विरोध आणि वजन सारखे होतात. मग वेग वाढायचा थांबतो. याला अंतिम वेग म्हणतात. पावसाचा थेंब दोन किलोमीटरवरून हवेशिवाय पडला असता तर ताशी ७०० किलोमीटरने डोक्यावर आला असता. तसा पाऊस छत्रीनेच काय, पत्र्यानेही अडला नसता. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंबही ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे जात नाही.

गार मात्र मोठी होत गेली की धोकादायक होते. आकार दुप्पट झाला की हवेला भिडणारं क्षेत्र चौपट होतं, पण वजन आठपट. हवा कमी पडते. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची गार सुमारे ताशी ४० ते ६५ किलोमीटरने येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने उभी पिकं झोपवली, त्यामागे हेच गणित होतं.

आणि लोखंडाचा नट, कुलूप, पाना? ते लहान आणि जड असतात. ३०-३२ मीटरच्या पडण्यात हवा त्यांना फारसं अडवू शकत नाही. त्यांच्यासाठी आपला वरचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो.

आता टोकाचं उदाहरण, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. लोणार. फार दूरून, जवळजवळ स्थिर अवस्थेतून निघून पृथ्वीच्या ओढीने येणारी वस्तू इथे पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ११.२ किलोमीटर असतो. वर जावं तसं त्वरण कमी होत जातं, म्हणून हा वेग अमर्याद वाढत नाही. सूर्याभोवती फिरताना उल्केला स्वतःचाही वेग असतो, त्यामुळे ती याहून वेगानेच येते. नांदुऱ्याच्या आपल्या वस्तूच्या वेगाच्या हा जवळपास साडेचारशे पट आहे आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे दर किलोमागे दोन लाख पट. एवढ्या मोठ्या उल्केला हवाही रोखू शकली नाही. कठीण काळ्या बसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला.

मार पडण्याचा नसतो, थांबण्याचा असतो

आता कुलपाकडे येऊ. तिसऱ्या मजल्याची गॅलरी खाली उभ्या असलेल्या मित्राच्या डोक्यापासून दहा मीटर वर धरू आणि कुलूप पाव किलोचं. दहा मीटर पडायला १.४३ सेकंद लागतात. पोचताना वेग ताशी ५० किलोमीटर.

पण वेग स्वतः कुणाला मारत नाही. ताशी ९० च्या एस.टी.त आपण झोपा काढतोच की. मार बसतो तो वेग अचानक संपतो तेव्हा. पडताना गुरुत्वाकर्षणाने दिलेली सगळी ऊर्जा थांबायच्या अंतरात खर्च व्हावी लागते. त्यावरून एक सोपा नियम निघतो:

थांबताना बसणारा सरासरी जोर = वस्तूचं वजन × (पडलेली उंची ÷ थांबायचं अंतर)

थांबायचं अंतर उंचीच्या मानाने अगदी कमी असेल तेव्हा हा नियम चांगला चालतो. आता आकडे घाला.

मित्राने कुलूप नीट झेललं आणि झेलताना हात वीस सेंटिमीटर मागे घेतला, तर १० मीटर भागिले ०.२ मीटर म्हणजे ५० पट. पाव किलोच्या कुलपाने साडेबारा किलोचा जोर दिला. हात झणझणेल, पण चालेल. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घ्यायचा तो यासाठीच.

झेल सुटला आणि कुलूप डोक्यावर आलं तर? कवटी काही मागे सरकत नाही. थांबायचं अंतर पाच मिलिमीटर धरा. १० मीटर भागिले ०.००५ मीटर म्हणजे २००० पट. त्याच कुलपाचा जोर ५०० किलो. क्षणभरच, पण एका टोकावर. आणि १०५ फुटांच्या उंचीवर हाच हिशेब ६४०० पटींवर जातो. पाव किलोच्या पान्याचे १६०० किलो होतात.

याच नियमाने मोबाईलचंही कोडं सुटतं. टेबलावरून, म्हणजे ८० सेंटिमीटरवरून, फरशीवर पडला आणि एका मिलिमीटरात थांबला तर ८०० पट. गादीवर पडून दोन सेंटिमीटर रुतला तर ४० पट. उंची तीच, वेग तोच, ताशी १४ किलोमीटर. स्क्रीन वाचली ती थांबायच्या अंतरामुळे.

बांधकामावरचं हेल्मेट हेच काम करतं. आय.एस. २९२५ हे औद्योगिक हेल्मेटचं भारतीय मानक आहे. नुसतं कडक टोपलं डोक्यावर ठेवून भागत नाही. आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्यात जी मोकळी जागा असते तीच जीव वाचवते. ती तीन सेंटिमीटर दबली तर थांबायचं अंतर पाच मिलिमीटरचं सहापट झालं, म्हणून जोर एक षष्ठांश झाला, शिवाय तो सगळ्या डोक्यावर पसरला. आतल्या पट्ट्या काढून, त्या जागेत रुमाल कोंबून हेल्मेट घालणारे लोक साइटवर दिसतात. त्यांनी हेल्मेट घातलेलं असतं, पण थांबायचं अंतर काढून टाकलेलं असतं.

उंचावर काम करणाऱ्याच्या पट्ट्याचंही तसंच. त्यासाठी आय.एस. ३५२१ हे मानक आहे. दोन मीटर पडून माणूस न ताणणाऱ्या दोरावर पाच सेंटिमीटरात थांबला, तर शरीरावर वजनाच्या चाळीस पट जोर येतो. दोर तुटला नाही तरी माणूस तुटेल. म्हणून चांगल्या हार्नेसच्या दोराला घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. झटका बसला की तिची शिवण मुद्दाम उसवत जाते आणि थांबायचं अंतर वाढतं. ते मीटरभर झालं की जोर दोन-तीन पटींवर येतो. उसवण्यासाठीच शिवलेली शिवण, हे सेफ्टीच्या लेक्चरला लक्षात ठेवण्यासारखं वाक्य आहे.

"बाजूला हो!" ओरडून काय होतं?

वस्तू सुटल्यावर ओरडलं की खालचा माणूस सरकेल, असा आपला समज असतो. तो तपासायला तीस सेंटिमीटरची पट्टी पुरे. मित्राची दोन बोटं पट्टीच्या शून्यापाशी उघडी ठेवायला सांगा आणि न सांगता पट्टी सोडा. तो जिथे पकडेल ते अंतर बघा. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२० सेकंद, २५ म्हणजे ०.२३ सेकंद. बहुतेक जण याच पट्ट्यात येतात. पट्टीऐवजी दहाची नोट घेतली आणि बोटं नोटेच्या मधोमध ठेवली, तर खाली उरतात सहा सेंटिमीटर, म्हणजे ०.११ सेकंद. नोट बहुधा निसटतेच. पैज लावायला हरकत नाही, पण नोट आपली असू द्या.

आता विचार करा. तयार बसलेल्या, डोळे लावून असलेल्या माणसाला नुसती बोटं मिटायला ०.२ सेकंद लागतात. खालून गप्पा मारत जाणाऱ्याला आवाज ऐकायचा, तो आपल्यासाठी आहे हे कळायचं, कुठे सरकायचं ते ठरवायचं आणि पाय उचलायचा. वरच्याला चूक झाल्याचं कळून तो ओरडेपर्यंतच १.४३ मधला बराच वेळ गेलेला असतो. उलट बहुतेक जण आवाज आला की आधी वर बघतात!

करून बघण्यासारखं

विषम संख्यांची रांग कानांनी ऐकायची असेल तर मेसमधली एक थाळी, दोरा आणि आठ नट घ्या. थाळी जमिनीवर पालथी ठेवा. दोऱ्याचं खालचं टोक थाळीला टेकवून टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर एकेक नट बांधा. दोरा सरळ उभा धरून सोडा. टण, टण, टण, टण: चारही आवाज सारख्या अंतराने येतात, दर ०.१४ सेकंदाला एक. आता दुसऱ्या दोऱ्यावर नट सारख्या अंतराने बांधा: ४०, ८०, १२०, १६०. या वेळी आवाज एकमेकांना गाठत येतात. पडताना वेग वाढतो, हे इथे कानाला कळतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला तर वेळही मोजता येईल.

गावी गेलात तर विहिरीची खोली काढा. खडा सोडल्यापासून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत दोन सेकंद लागले तर पाणी साधारण साडेअठरा मीटर, म्हणजे साठ फूट खाली आहे. यात आवाजाला वर यायला लागलेला वेळही धरला आहे. पण खडा सोडण्याआधी आत कुणी उतरलेलं नाही ना, ते वाकून नाही, हाक मारून बघा.

तेव्हा मित्रहो...

गॅदरिंगचा मंडप उभा राहताना वर चढलेल्याच्या खिशात सुटा पाना ठेवू नका, तो दोरीने मनगटाला किंवा कमरेला बांधा. खालचा भाग दोरी लावून बंद करा. गॅलरीच्या कठड्यावर कुंडी, बादली, डंबेल ठेवू नका. गच्चीवरून काही टाकायची हुक्की आली तर १.४३ हा आकडा आठवा.

आणि कुलपाचं म्हणाल तर जिन्याने खाली नेऊन द्यायला फार तर एक मिनिट लागतं. गुरुत्वाकर्षण तेच काम दीड सेकंदात करून देतं, पण खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.